परळचे टाटा कॅन्सर रुग्णालय : इतिहास, सेवा आणि वेळेवर पोहोचण्याचा प्रश्न

काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गातली एक मुलगी सलग तीन आठवडे शाळेत आली नाही. नववीचं वर्ष, अभ्यासात हुशार. आम्ही घरी चौकशीला गेलो तेव्हा कळलं, तिच्या अम्मीला 'टाटाला' नेलं आहे. पुढे त्या घरी आल्यावर भेट झाली. छातीत गाठ होती आणि ती त्यांना आठ महिन्यांपासून ठाऊक होती. "शरम वाटली, टीचर. कुणाला दाखवणार? वाटलं, आपोआप बसेल," त्या म्हणाल्या. त्या आठ महिन्यांत घरगुती लेप झाला, दम झाला, ओळखीच्या कुणीतरी दिलेली पुडी झाली. डॉक्टर तेवढा राहून गेला. टाटाला पोहोचल्या तेव्हा आजार हाडांपर्यंत गेला होता. उपचार झाले, दुखणं कमी झालं, दीड वर्ष मिळालं. आज त्या हयात नाहीत.

आपल्या घरांत या आजाराचं नावसुद्धा घेतलं जात नाही. 'वो बीमारी' म्हणतात आणि आवाज खाली करतात. मुलीच्या लग्नाला अडचण येईल, लोक काय म्हणतील, म्हणून शेजाऱ्यांपासूनच काय, सख्ख्या भावापासूनही लपवतात. दुसरीकडे 'टाटा' हे नाव प्रत्येकाला माहीत आहे, पण ते रुग्णालय कसं उभं राहिलं, तिथे काय मिळतं, कसं जायचं, खर्चाचं काय, हे फार थोड्यांना माहीत असतं. ज्या दिवशी गरज पडते त्या दिवशी सगळं घर गोंधळलेलं असतं. म्हणून ही माहिती आधीच घरात असावी, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

एका पतीचे दुःख आणि एक रुग्णालय

जमशेटजी टाटा यांचे थोरले चिरंजीव सर दोराबजी टाटा. त्यांच्या पत्नी लेडी मेहरबाई शिकलेल्या, समाजकार्यात पुढे असलेल्या, स्त्रियांच्या हक्कांसाठी बोलणाऱ्या होत्या. त्यांना रक्ताचा कॅन्सर झाला. १९३१ साली ब्रिटनमध्ये वेल्स भागातील एका रुग्णालयात त्यांचे निधन झाले. त्या काळी या आजारावर हिंदुस्थानात खास उपचाराची सोय नव्हती. दोराबजींजवळ पैसा होता, परदेशी जाण्याची ऐपत होती, तरी पत्नी वाचली नाही. मग ज्याच्याजवळ काहीच नाही त्याचे काय?

दोराबजींनी आपली जवळजवळ सगळी मालमत्ता १९३२ साली सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या नावे केली आणि त्याच वर्षी तेही वारले. मेहरबाईंसाठी त्यांनी घेतलेला २४५ कॅरेटचा प्रसिद्ध ज्युबिली हिराही पुढे विकला गेला आणि त्याचा पैसा ट्रस्टच्या कामी आला. रक्ताच्या कॅन्सरवर संशोधन व्हावे म्हणून मेहरबाईंच्या नावाने लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट हा वेगळा ट्रस्टही १९३२ मध्येच सुरू झाला. मुंबईत कॅन्सरसाठी स्वतंत्र रुग्णालय बांधण्याचे काम सर दोराबजी टाटा ट्रस्टने हाती घेतले.

२८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झाले. उद्घाटन मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर सर रॉजर लुम्ली यांच्या हस्ते झाले. सुरुवातीला खाटा होत्या फक्त ८०. आजूबाजूला कापड गिरण्या, चाळी आणि कामगारांची वस्ती. दुसरे महायुद्ध चालू होते. त्या काळी कॅन्सरवर शस्त्रक्रिया, रेडियम आणि एक्स-रे एवढेच उपाय डॉक्टरांच्या हाती होते. केमोथेरपीची औषधे त्यानंतर आली.

डॉक्टरांची पहिली पिढी

रुग्णालयाच्या प्रयोगशाळांचा पाया घालणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर. भारतातील पॅथॉलॉजीचे, म्हणजे रोगनिदानशास्त्राचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. १९४४ साली त्यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कॅन्सरच्या १००० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पान-तंबाखू चघळण्याची सवय आणि तोंडाचा कॅन्सर यांचा संबंध आज गुटख्याच्या पुडीवर छापलेला असतो, पण त्या अभ्यासाची सुरुवात आपल्याच मुंबईत, आपल्याच लोकांच्या तोंडांची तपासणी करून झाली होती. १९५२ मध्ये त्यांच्या पुढाकाराने इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर ही संशोधन संस्था उभी राहिली.

दुसरे मोठे नाव डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांचे. मूळ गोव्याच्या कुटुंबातील हे सर्जन गरीब रुग्णांसाठी आयुष्यभर राबले. १९६९ मध्ये त्यांचे निधन झाले. रुग्णालयाच्या समोरच्या रस्त्याला आज त्यांचेच नाव आहे. पत्ता विचारताना 'डॉ. अर्नेस्ट बोर्जेस मार्ग' असे आपण सहज वाचतो, पण ते कोण होते हे मुलांना सांगण्यासारखे आहे.

तिसरे डॉ. डी. जे. जसावाला. त्यांनी नवल टाटा यांच्यासोबत १९५१ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापन केली. याच सोसायटीने १९६३ मध्ये मुंबई कॅन्सर रजिस्ट्री सुरू केली. शहरात कोणाला, कोणत्या वयात, कोणता कॅन्सर होतो याची नोंद ठेवणारी ही देशातली पहिली वही. नोंद असेल तरच कोणत्या आजाराकडे आधी लक्ष द्यायचे ते सरकारला कळते.

खासगी ट्रस्टकडून सरकारकडे

रुग्ण वाढत गेले तसा खर्चही वाढला. १९५७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने रुग्णालय आपल्याकडे घेतले. १९६२ मध्ये ते अणुऊर्जा विभागाकडे सोपवण्यात आले. अणुऊर्जेचा आणि दवाखान्याचा काय संबंध, असे पुष्कळांना वाटते. उत्तर सोपे आहे. कॅन्सरच्या पेशी मारण्यासाठी किरणोत्सर्गाचा वापर होतो, आणि त्याचे शास्त्र व साधने अणुऊर्जा विभागाकडे होती. डॉ. होमी भाभा आणि जे. आर. डी. टाटा यांनी हे ओळखले. १९६६ मध्ये रुग्णालय आणि संशोधन संस्था एकत्र करून टाटा मेमोरियल सेंटर झाले. आजही ही संस्था केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आहे. म्हणजे नाव टाटांचे असले तरी हे सरकारी अनुदानावर चालणारे रुग्णालय आहे. तिथे जाणारा गरीब माणूस कुणाच्या मेहेरबानीवर जात नाही, तो त्याचा हक्क आहे.

२००२ मध्ये संशोधनाचे मोठे केंद्र नवी मुंबईत खारघर येथे गेले. त्याला 'ॲक्ट्रेक' म्हणतात. तिथेही रुग्णांवर उपचार होतात. बोन मॅरो ट्रान्सप्लान्ट, नव्या औषधांच्या चाचण्या आणि २०२३ पासून प्रोटॉन किरणांचे उपचार तिथे होतात. काही रुग्णांना परळहून खारघरला पाठवतात. "आम्हाला दुसरीकडे ढकललं" असे समजून घाबरू नये. दोन्ही एकाच संस्थेचे भाग आहेत.

आज तिथे कोणत्या सेवा आहेत

आज परळच्या रुग्णालयात ६०० हून अधिक खाटा आहेत. वर्षाला सुमारे ७० हजार नवे रुग्ण येतात. महाराष्ट्राइतकेच उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल, ईशान्य भारत आणि शेजारच्या देशांतूनही. त्यातल्या बहुसंख्य रुग्णांवर मोफत किंवा अगदी कमी दरात उपचार होतात.

• शस्त्रक्रिया : तोंड, घसा, स्तन, गर्भाशय, आतडी, फुप्फुस, हाडे, मेंदू अशा प्रत्येक अवयवासाठी वेगळे तज्ज्ञ आहेत. एकच डॉक्टर एकट्याने निर्णय घेत नाही. सर्जन, औषधतज्ज्ञ, रेडिएशनतज्ज्ञ आणि पॅथॉलॉजिस्ट यांचा गट मिळून उपचार ठरवतो.

• रेडिएशन : रुग्ण याला 'शेक' किंवा 'लाइट देणे' म्हणतात. ठरलेल्या दिवसांपर्यंत, बहुधा आठवड्यातून पाच दिवस, काही मिनिटांसाठी जावे लागते. मध्येच सोडून गावी गेले तर उपचाराचा फायदा कमी होतो.

• केमोथेरपी : शिरेतून किंवा गोळ्यांच्या रूपात औषध. केस गळतात, उलट्या होतात, अशक्तपणा येतो, पण केस परत येतात. आज उलटी थांबवण्याची चांगली औषधे आहेत.

• लहान मुलांचा विभाग : मुलांमध्ये रक्ताचा कॅन्सर जास्त आढळतो आणि वेळेवर पूर्ण उपचार झाले तर त्यातली बहुतेक मुले बरी होतात. मुलांसाठी रुग्णालयात वेगळी मदतयंत्रणा आहे. त्यात उपचाराच्या खर्चाबरोबर जेवण, राहणे आणि शिक्षण याचाही विचार होतो. पैसे नाहीत म्हणून मुलाला घरी घेऊन जाऊ नका, आधी समाजसेवा विभागाला भेटा.

• बोन मॅरो ट्रान्सप्लान्ट : भारतातले पहिले बोन मॅरो ट्रान्सप्लान्ट १९८३ मध्ये टाटा मेमोरियलमध्येच झाले. जुळणारा दाता बहुधा सख्खा भाऊ किंवा बहीण असते.

• कार-टी उपचार : रुग्णाच्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी काढून, त्यांना प्रयोगशाळेत कॅन्सर ओळखायला 'शिकवून' परत शरीरात सोडतात. रक्ताच्या काही कॅन्सरसाठी ही पद्धत आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून तयार झालेला भारतीय कार-टी उपचार ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते देशाला समर्पित झाला.

• वेदनाशामक विभाग : आजार पूर्ण बरा होण्यापलीकडे गेला तरी दुखणे कमी करणे, जखमेची काळजी, झोप, जेवण यासाठी हा विभाग आहे. "आता काही होणार नाही" म्हणून रुग्णाला घरी तडफडत ठेवणे हा इलाज नव्हे. वर सांगितलेल्या अम्मींचे शेवटचे महिने या विभागामुळे सुसह्य झाले.

जायचे कसे, सोबत काय न्यायचे

रेल्वेने आल्यास परळ किंवा दादर स्टेशन जवळ पडते. पहिल्या दिवशी नोंदणी होते आणि रुग्णाला केस फाईल नंबर मिळतो. हा नंबर जपून ठेवा, घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्येही लिहून ठेवा, कारण पुढची प्रत्येक गोष्ट त्या नंबरवर चालते. नोंदणीच्या वेळी 'जनरल' की 'प्रायव्हेट' असे विचारतात. जनरलमध्ये दर फार कमी असतात, प्रायव्हेटमध्ये पैसे जास्त लागतात. शरमेने किंवा "प्रायव्हेटमध्ये चांगला इलाज होतो" अशा समजुतीने ऐपत नसताना प्रायव्हेट निवडू नका. वैद्यकीय निर्णय घेणारे डॉक्टर आणि उपचाराची पद्धत तीच असते.

सोबत नेण्याच्या गोष्टी :

• रुग्णाचे आणि सोबतच्या माणसाचे आधार कार्ड, रेशन कार्ड.
• गावच्या किंवा शहरातल्या डॉक्टरची चिठ्ठी, आतापर्यंतचे सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून.
• बायोप्सी झाली असेल तर फक्त कागद पुरत नाही. त्याच्या काचा आणि मेणाचे ब्लॉक पॅथॉलॉजी लॅबमधून मागून आणा. टाटात ते पुन्हा तपासतात.
• सीटी, एमआरआयची सीडी किंवा फिल्म.
• चालू असलेल्या गोळ्या. साखर, रक्तदाब, हृदयाची औषधे विशेषतः. हकिमी किंवा आयुर्वेदिक औषध चालू असेल तर तेही लपवू नका.

रुग्णाबरोबर लिहिता-वाचता येणारा एक माणूस हवा. तो दर वेळी बदलू नये. आज मामा, उद्या मेहुणा, परवा शेजारी असे झाले की डॉक्टरांनी काय सांगितले ते कुणालाच नीट माहीत नसते. एक साधी वही करा. तारीख, कोणते डॉक्टर भेटले, काय सांगितले, पुढची तारीख एवढेच लिहा. आमच्या अनुभवाने ही वही फार कामी येते. गर्दी खूप असते, एकेका तपासणीला दिवस लागतात, हे मनाशी धरूनच निघा. आणि रुग्णालयाबाहेर "लवकर नंबर लावून देतो" म्हणणारा कुणी भेटला तर त्याला एक रुपयाही देऊ नका.

खर्च, राहणे आणि प्रवास

रुग्णालयाचा वैद्यकीय समाजसेवा विभाग ही सगळ्यात महत्त्वाची खिडकी समजा. सरकारी योजना, ट्रस्टची मदत, राहण्याची सोय, या सगळ्याची माहिती तिथे मिळते. महाराष्ट्रातल्या कुटुंबांसाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या योजना आहेत. दोन्ही एकत्र करून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. रेशन कार्ड आणि आधार यांतले नाव जुळत नसल्याने आपल्याकडे पुष्कळ अर्ज अडकतात. एका कागदावर 'शेख फातिमा', दुसऱ्यावर 'फातिमाबी', तिसऱ्यावर नवऱ्याचे नाव पुढे. ही दुरुस्ती आजारपणात धावपळ करून होत नाही, आजच करून ठेवा. याशिवाय मुख्यमंत्री सहायता निधी आणि पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी यांच्याकडेही अर्ज करता येतो.

रेल्वेत कॅन्सर रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला उपचारासाठीच्या प्रवासात भाड्यात मोठी सवलत मिळते, त्यासाठी रुग्णालयाचे प्रमाणपत्र लागते. एसटीतही कॅन्सर रुग्णाला सवलत आहे.

राहण्याचा प्रश्न सगळ्यात कठीण. परळच्या फुटपाथवर ताडपत्रीखाली झोपलेले रुग्ण आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा वर्षानुवर्षे या रुग्णांना आसरा देत आली आहे. तिथे जात-धर्म विचारत नाहीत. उपचार घेणाऱ्या मुलांच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था २००६ पासून मोफत राहण्याची सोय करते. कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन १९६९ पासून औषधे आणि इतर मदतीचे काम करते. या जागा मर्यादित असतात, म्हणून पहिल्याच दिवशी समाजसेवा विभागात नाव सांगा.

मुंबईतल्या आणि जिल्ह्या-जिल्ह्यातल्या मुस्लिम ट्रस्टकडून, जमातींकडून जकात-सदक्यातूनही मदत मिळते. बहुतेक संस्था रुग्णालयाने दिलेले खर्चाचे पत्र पाहूनच मदत करतात आणि शक्यतो रक्कम रुग्णालयाच्या नावे देतात. म्हणून ते पत्र आधी घ्या. मोबाईलवर फोटो फिरवून पैसे मागण्याआधी हे दरवाजे ठोठवा, रुग्णाची इज्जतही राहते.

प्रत्येकाला परळला जावे लागते का?

नाही. देशातली ३०० हून अधिक रुग्णालये आणि संस्था 'नॅशनल कॅन्सर ग्रिड'मध्ये टाटाशी जोडलेल्या आहेत. हे जाळे २०१२ मध्ये सुरू झाले. उपचाराची पद्धत शक्य तितकी सगळीकडे सारखी असावी, हा त्यामागचा विचार आहे. मराठवाड्यातल्या लोकांसाठी छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कॅन्सर रुग्णालय आहे. सोलापूर, धाराशिव भागासाठी बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. विदर्भात नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कॅन्सर रुग्णालय आहे. कोकणात चिपळूणजवळ डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात टाटाच्या सहकार्याने काम चालते. टाटाचे डॉक्टर स्वतःच कित्येकदा उपचाराची योजना लिहून देऊन "केमो गावाजवळ घ्या" असे सांगतात. ते ऐकावे. घराजवळ राहिले की रुग्ण उपचार अर्धवट सोडत नाही.

दहावी शिकलेल्या बायकांनी वाचवलेले जीव

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या मुद्द्याकडे येतो. टाटाच्या डॉक्टरांनी मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून एक मोठा अभ्यास केला. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायका त्यात होत्या. निम्म्या बायकांची ठरावीक काळाने तपासणी झाली. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. साधारण दहावीपर्यंत शिकलेल्या, काही आठवड्यांचे प्रशिक्षण दिलेल्या बायका होत्या. गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी त्या पातळ ॲसिटिक ॲसिड लावून करत. व्हिनेगरमध्ये, म्हणजे सिरक्यात असते तेच. खराब भाग पांढरा दिसतो. स्तनांची तपासणी त्या हाताने करत. निकाल असा आला की तपासणी झालेल्या गटात गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. स्तनांच्या बाबतीत आजार लवकरच्या पायरीवर सापडू लागला आणि पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले.

तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १ लाख ३१ हजारांहून अधिक बायकांवर दुसरा अभ्यास झाला. त्यात बार्शीच्या रुग्णालयाचा मोठा वाटा होता. एचपीव्ही या विषाणूची आयुष्यात एकदा तपासणी झालेल्या बायकांच्या गटात गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. हा निकाल २००९ मध्ये जगासमोर आला.

तोंडाच्या कॅन्सरबद्दल टाटाच्याच सर्जननी २०१५ मध्ये दाखवून दिले की सुरुवातीच्या पायरीवर जीभ-गालाच्या शस्त्रक्रियेबरोबरच मानेतल्या गाठीही काढल्या तर तीन वर्षांनंतर ८० टक्के रुग्ण जिवंत असतात, नंतर काढायचे ठरवले तर साधारण ६७ टक्के. जगभरचे डॉक्टर आज हा अभ्यास मानतात.

म्हणजे महागडे यंत्र, परदेशी औषध हे सगळे नंतरचे. लवकर पाहणे आणि लवकर येणे यानेच पुष्कळ जीव वाचतात. ही गोष्ट रुग्णालय एकटे करू शकत नाही. ती घरातच व्हावी लागते.

घरात आज काय पाहावे

• तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारा छाला, तोंड कमी उघडणे, तिखट सहन न होणे.
• स्तनात गाठ, कातडी आत ओढली जाणे, बोंडातून रक्त. गाठ दुखत नाही म्हणून दुर्लक्ष करू नका. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही.
• पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त जाणे, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त जाणे.
• मानेत वाढणारी गाठ, बदललेला आवाज, गिळायला त्रास, कारणाशिवाय वजन उतरणे.

यातले प्रत्येक लक्षण कॅन्सरच असते असे नाही. पण तपासून घेतल्याशिवाय ते कळत नाही.

तंबाखूबद्दल वेगळे सांगायला हवे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी पुडी कुठे मिळते हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे. लूमवर रात्रपाळी करणारे भाई झोप येऊ नये म्हणून तंबाखू ठेवतात. घरातल्या बायका मिश्री लावतात आणि त्याला व्यसन मानत नाहीत. शादीच्या दावतीत जेवणानंतर पान-सुपारीचं ताट फिरतं, लहान मुलेही गोड सुपारी उचलतात. तंबाखू नसलेली नुसती सुपारीसुद्धा कॅन्सर करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २००४ मध्येच जाहीर केले आहे. दावतीत सुपारीऐवजी बडीशेप ठेवली तर मेजवानीत काही कमी पडणार नाही.

आपल्या बहिणींसाठी आणि रमजानसाठी

परद्यामुळे तपासणीला संकोच वाटतो, हे आम्ही समजू शकतो. लेडी डॉक्टर हवी असे नोंदणीच्या वेळीच सांगा. तपासताना नर्स किंवा घरातली बाई सोबत थांबू शकते का तेही विचारा. लेडी डॉक्टर लगेच मिळाली नाही म्हणून तपासणीच टाळू नये. नवऱ्यांना आमची विनंती आहे. बायकोने गाठ सांगितली तर "बघू, ईद झाल्यावर" म्हणू नका.

केमो किंवा रेडिएशन चालू असताना रोजे ठेवायचे का, हा प्रश्न दर रमजानला येतो. आजारी माणसाला कुरआननेच सवलत दिली आहे. डॉक्टरांना विचारा, आपल्या आलिमांना विचारा, पण औषधाची तारीख स्वतःच्या मनाने पुढे ढकलू नका. पिशवी लावलेल्या रुग्णाने नमाज कशी अदा करावी याचेही मसले आहेत, ते मोहल्ल्यातल्या इमाम साहेबांना न लाजता विचारावेत.

मोहल्ल्यानेही काही करावे. कॅन्सरच्या रुग्णांना रक्त आणि प्लेटलेट्स सतत लागतात. तरुणांनी वर्षातून दोनदा रक्तदान केले तर एखाद्या अनोळखी मुलाची केमो थांबणार नाही. प्रत्येक मस्जिद कमिटीत निदान दोन माणसे अशी असावीत, ज्यांना योजनेचे कागद, टाटाची नोंदणी आणि राहण्याच्या जागा माहीत आहेत.

त्या मुलीने पुढे दहावी पास केली. निकालाच्या दिवशी ती पेढे घेऊन आली. जाताना हळूच म्हणाली, "टीचर, मी खालाला घेऊन तपासणीला गेले होते. काही नाही निघालं." खाला आधी तयार नव्हत्या, तिने हट्ट धरला. आमच्या वर्गात कुणी धडा इतका नीट शिकल्याचे आम्हाला आठवत नाही.

अल्लाह सर्व आजारी भावा-बहिणींना शिफा देवो आणि आपल्याला वेळेवर इलाज करण्याची समज देवो. आमीन.